कोल्हा आमचा, ससा त्यांचा

दुसऱ्यांच्या घरी जेवताना कशावर बोलतात ते मला माहीत नव्हतं, आमच्या घरी रिमफायर मॅग्नम रायफलीवर बोलायचे. म्हणजे बाबा बोलायचे. आई भात वाढता वाढता ‘हं’ म्हणायची आणि मी आमटीतल्या मिरच्या बाजूला काढत ऐकायची. साधी बावीसची रायफल सत्तर-ऐंशी मीटरवर दमते, बाबा सांगायचे, त्यापुढे गोळी नुसती पोचते, काम करत नाही. मॅग्नमचं काडतूस साधारण तेवढ्याच जाडीचं, पण लांब. आत दारू जास्त, म्हणून सव्वाशे मीटरपर्यंत तिच्यावर भरवसा ठेवावा. मोठ्या रायफलीची गोळी चुकली तर दोन बागा ओलांडून कुणाच्या तरी अंगणात जायची. आणि छऱ्याची बंदूक तर ठिबकच्या बागेत आणूच नये, एका बारात नळीला वीस भोकं. मॅग्नम म्हणजे कोल्हा, घूस, ससा एवढ्याच मापाची गोष्ट. दोष एकच, तिचा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, घोडा कडेवर आपटतो, त्यामुळे एकदा उडालेलं काडतूस पुन्हा भरून वापरता येत नाही. आणि हो, वारा. वाऱ्यात ती गोळी वाहवते. “अहो, आमटी गार होतेय,” आई म्हणायची, आणि तो विषय त्या रात्रीपुरता संपायचा.

हे बोलणारा माणूस शिकारी नव्हता. बाबा नाशिकचे, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेले, आणि सौदीत हुफूफच्या बाहेर अबू सालेहच्या खजुराच्या बागेत पंप आणि ठिबकचं काम बघायचे. बागेतच आम्हाला दोन खोल्यांचं घर होतं. सिमेंटच्या विटांचं, खिडकीत एक जुना एसी, जो सुरू झाला की भांड्यांच्या फळीवरची झाकणं किणकिणायची. त्या घराचे आवाज मला अजून ओळीने सांगता येतील. पहाटे लांबच्या मशिदीतली अजान, मग मोटर क्रमांक दोनचं घरघरणं, मग आईचं पोळपाट. आई गव्हाचं पीठ दम्मामहून मागवायची, लोणी मात्र गावातल्या बाजारातून आणून घरी कढवायची, आणि करंजीत खोबऱ्याबरोबर खजूर घालायची. ती खजुराची करंजी मी पुढे कुणाला खायला घातली तर लोक नाक मुरडतात. मला नारळाची करंजी फिकी लागते, त्याला काय करणार? शाळेला मी बसने जायची, तिथे सगळ्यांशी इंग्रजी आणि हिंदी बोलायची, आणि घरीही अडचणीत सापडले की इंग्रजीत उत्तर द्यायची. बाबांना ते मुळीच आवडायचं नाही.

परदेशी माणसाने तिथे बंदुकीला हात लावायचा नसतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कोल्ह्यांनी बागेत उच्छाद मांडला होता. उन्हाळ्यात त्यांना पाणी मिळेना की ते ठिबकच्या नळ्या चावायचे, आणि सकाळी बाबांना ओळीच्या ओळी कोरड्या आणि एका झाडाखाली तळं असा देखावा मिळायचा. दिवसभर वाकून जॉइनर बसवायचे, संध्याकाळी कमरेला गरम पाण्याची पिशवी. एकदा अबू सालेहने स्वतः बंदूक काढली, तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही चुकल्या, आणि बाबा न राहवून बोलून गेले की वारा डावीकडून आहे, दोन बोटं डावीकडे धरा. अबू सालेहने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग रायफलच त्यांच्या हातात दिली. कॉलेजात बाबा एनसीसीत होते, बावीसच्या रायफलीवर त्यांना बक्षीस मिळालं होतं, हे आम्हाला घरात शंभरदा ऐकून पाठ झालं होतं. अबू सालेहला ते त्या दिवशी कोल्हा पडल्यावर कळलं. तेव्हापासून ठरून गेलं. बंदूक अबू सालेहची, परवाना त्याचा, तो शेजारी उभा असेल तरच आणि बागेच्या कुंपणाच्या आतच, नेम मात्र बाबांचा. मी दुर्बीण घेऊन बरोबर जायची, कारण माझी नजर चांगली होती आणि सुट्टीच्या दिवशी त्या बागेत एका मुलीने दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्याच थंडीत बाबांनी एक ससा मारला. नव्वद मीटर, डोक्यात गोळी, मांसाला धक्का नाही. अबू सालेहने “माशाअल्ला” म्हणून त्यांची पाठ थोपटली. पण ससा तिथेच पडून राहिला. बागेचा मुकादम रहमतचाचा, पेशावरकडचा, तोही खाली बघत उभा. शेवटी अबू सालेहच अवघडून बोलला. बाबांशी तो अरबी, हिंदी आणि चार इंग्रजी शब्द मिसळून बोलायचा आणि त्यांना मुहंदिस, म्हणजे इंजिनीअर, म्हणायचा. मुहंदिस, म्हणाला, रागावू नकोस, पण तू मारलेला ससा आम्हाला चालत नाही. मारणाऱ्याने अल्लाचं नाव घेऊन मारायला हवा, आणि तो मारणारा तू असून भागत नाही. आमच्या घरात तर आई अंडंसुद्धा आणू देत नव्हती, त्यामुळे तो ससा आम्हालाही चालत नव्हता. शेवटी तो कुत्र्यांनी खाल्ला. बाबांना त्याचं फार लागलं. अपमान म्हणून नाही. एक जीव उगाच गेला म्हणून. मग अबू सालेहने वाटणीच करून टाकली. “कोल्हा तुझा, घूस तुझी. ससा माझा. खलास.” म्हणजे खायचं जनावर त्याचं आणि नुसतं मारायचं जनावर आमचं. आई म्हणाली, बघा, पापाची वाटणी कशी चोख झाली.

आता बाबा सत्तरीच्या पुढे आहेत आणि माझ्याकडेच राहतात. आमच्या सोसायटीत कबुतरांनी जीव नकोसा केलाय, आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ मधूनमधून विचारतात की काका, तुमचा नेम चांगला आहे म्हणे, काही एअरगनबिरगन? बाबा गॅलरीचं दार लावून घेतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. मी विषय बदलते. कॉलेजातले पेपर तपासायचे असतात, स्वयंपाक असतो, माझ्यातही आता जुनी भांडणं उकरायचं त्राण नाही. पण ज्या दिवसांमुळे त्यांनी बंदूक खाली ठेवली ते दिवस कुठेतरी लिहून ठेवावेत असं वाटतं, कारण त्यांतला मोठा वाटा माझा आहे आणि तो आजवर मी कुणाला सांगितलेला नाही.

त्या वर्षी माझी बारावी झाली होती. पुण्याच्या कॉलेजात नाव लागलं होतं, मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर राहायचं होतं, आणि हातात चोवीस-पंचवीस दिवस होते. आमचे तिघांचे पासपोर्ट अबू सालेहच्या लोखंडी कपाटात असायचे. तेव्हा बहुतेकांचे कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाकडेच असायचे, त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. पण कफीलने जवाजात म्हणजे पासपोर्ट कचेरीत जाऊन खुरूज-औदाचा, बाहेर जाऊन परत येण्याचा शिक्का मारून आणल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता यायचं नाही. बाबांनी विचारलं, तो म्हणाला, बुकरा. उद्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी बुकरा, इन्शाअल्ला. त्याच्या मनात खोट नव्हती हे आम्हालाही दिसत होतं. त्याची आई आजारी होती आणि त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. पण मी सतरा वर्षांची होते. मला ती बाग, तो एसी, ती झाकणं, अंगावरचा काळा अबाया, सगळ्याचा वीट आला होता. रोज सकाळी मी कॅलेंडरवरच्या एका चौकोनावर फुली मारायची आणि माझं उरलेलं आयुष्य एका अंगठ्याएवढ्या शिक्क्यावर अडलंय असं मला वाटायचं. अजूनही सांगते, ते तसं अडलेलंच होतं. एक वर्ष गेलं असतं तर मला त्याच बागेत बसवून कुणीतरी स्थळं बघायला लागलं असतं.

अबू सालेहच्या आईला आम्ही सगळेच जद्दा, म्हणजे आजी, म्हणायचो. हाडांचा सापळा झालेली, हनुवटीवर निळं गोंदण. बागेतल्या मोठ्या घराच्या मागच्या खोलीत तिचा पलंग होता, आणि आई रोज दुपारी तिच्याजवळ जाऊन बसायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तासभर गप्पा चालायच्या. त्या महिन्यात जद्दाने जेवण सोडलं. दूध नको, शोरबा नको. एके दिवशी म्हणाली, ससा हवा. लहानपणी तिचे वडील वाळवंटातून ससा आणायचे, वाळवलेलं लिंबू घालून तिची आई तो भातात शिजवायची, तसा. अबू सालेहने गुरांच्या बाजारातून पाळीव ससा आणला. तिने एक घास चावला आणि बाहेर काढून ठेवला. हा पिंजऱ्यातला आहे, म्हणाली.

मग अबू सालेह स्वतः ससा मारायला निघाला. त्याचे मुलगे रियाधला नोकऱ्यांत, ते फोनवरून सल्ले द्यायचे. रहमतचाचाने जन्मात बंदूक धरली नव्हती. बागेत खजुरांच्या ओळींमध्ये जनावरांसाठी लसूणघास लावलेला असे आणि उन्हाळ्यात वाळवंटातले ससे पहाटे तिथे चरायला यायचे. तीन पहाटे अबू सालेह नेम धरून बसला, तिन्ही पहाटे चुकला. त्याला बरीच वर्षं साखरेचा आजार होता. नजर गेली होती, पावलं बधिर झाली होती, पण ते तो बोलून दाखवायचा नाही. बंदुकीवरची दुर्बीण खराब आहे म्हणायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आमच्या दाराशी आला. घरात आला नाही, उंबऱ्याबाहेर खुर्चीवर बसला. आईने चहा दिला.

“मुहंदिस,” तो म्हणाला, “एक वाट आहे. तू ससा मारू नकोस. जखमी कर. तो जिवंत असताना मी बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली, तर तो हलाल होतो.”

बाबांनी बराच वेळ कप खाली ठेवला नाही. मला त्यांचा चेहरा दिसत होता. एनसीसीतल्या कुण्या सुभेदाराने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती: मारायचं तर एका गोळीत, तडफड होणार नाही अशी, नाहीतर ट्रिगरवर बोट ठेवायचं नाही. मॅग्नमचं त्यांना कौतुक होतं ते त्यासाठीच. कोल्ह्याला कळतसुद्धा नाही, ते म्हणायचे. आणि आता त्यांना मुद्दाम वाईट नेम धरायला सांगितलं जात होतं.

“ही बंदूक त्या कामाची नाही,” ते हळूच म्हणाले. “हिची गोळी लागली की ससा जागेवर जातो.”

“तू करशील. तुझ्यासारखा नेम कुणाचा नाही.” अबू सालेह उठला. मग म्हणाला, “माझ्या यम्माला दोन घास जाऊ देत.” पासपोर्टचं नाव त्याने काढलं नाही. बाबांनीही नाही. पण उद्याचा ससा आणि परवाचा शिक्का या दोन गोष्टी त्या चहाच्या कपांशेजारी आमच्यासमोर मांडून ठेवल्यासारख्या होत्या, निदान मला तरी तसंच दिसलं.

तो गेल्यावर आई म्हणाली, “उद्या संकष्टी आहे. आणि तुम्ही मुक्या जिवाचे हाल करणार?”

“मग काय करू? तूच सांग. पोरीला इथेच ठेवू?”

आई साबुदाणा भिजवायला उठली. बाबांनी त्या संध्याकाळी अबू सालेहने दिलेली काडतुसांची दोन खोकी समोर ठेवली होती. पोकळ टोकाच्या गोळ्या कोल्ह्यासाठी. त्या आत जाऊन फुटतात. दुसऱ्या पूर्ण आवरणाच्या, आरपार निघून जाणाऱ्या. त्यांनी दुसऱ्या खोक्यातली एक गोळी काढून शर्टाच्या खिशात ठेवली. मला म्हणाले, “मागच्या पायाला लावीन. तू पळत जा आणि कान धरून ठेव. घाबरू नकोस.” अबू सालेहला वाळूत भरभर चालता येत नव्हतं, आणि बंदूक हातात घेऊन पळायचं नाही हा बाबांचा नियम होता. म्हणून पळायचं काम माझं.

गुरुवार होता, तिथला सुट्टीचा दिवस. फज्रची, पहाटेची नमाज झाल्यावर आम्ही घासाच्या वाफ्याशी जाऊन बसलो. वारा अजिबात नव्हता आणि त्या वेळीही अंगाला घाम. तीन ससे आले. मी दुर्बिणीतून सर्वांत मोठा दाखवला, साठ मीटरवर, आडवा. त्याचे कान उजेडात गुलाबी दिसत होते. बाबा पोटावर पडलेले, अबू सालेह त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर, हातात सुरी. मला बाबांचा श्वास ऐकू येत होता. ते नेहमी श्वास अर्धा सोडून थांबायचे आणि लगेच गोळी सुटायची. त्या दिवशी ते तीनदा थांबले आणि तीनदा पुन्हा श्वास घेतला. चौथ्यांदा गोळी सुटली, त्याच क्षणी ससा चरत चरत एक पाऊल पुढे सरकला असावा किंवा मागे, मला कधीच कळलं नाही. तो उडाला आणि पडला.

मी पळाले. पोचले तेव्हा तो श्वास घेत होता. मी कान धरले, दुसरा हात पाठीखाली घातला. ओलं, गरम. गोळी पायाला लागली नव्हती, कमरेच्या पुढे आरपार गेली होती. त्याने दोनदा पाय झाडले, तोंड उघडलं, आणि मग माझ्या हातातलं त्याचं वजन वेगळं झालं. ज्यांनी कधी जनावर हातात मरताना धरलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. मी मागे पाहिलं. अबू सालेह वाळूत पाय ओढत येत होता, धापा टाकत, सुरी पुढे धरून.

“हय्या?” त्याने लांबूनच विचारलं. जिवंत आहे?

मी सशाच्या पोटाखालून माझा अंगठा नेला आणि त्याचा मागचा पाय ढकलला. पाय हलला. “हय्या,” मी म्हणाले.

त्याने बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली. रक्त आलं, फार नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचे डोळे भरून आले होते. “अल्ला तुला मोठं करो, पोरी,” तो म्हणाला, आणि ससा घेऊन घराकडे चालू लागला. इतक्या भरभर चालताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

बाबा आले. त्यांनी रायफल रिकामी केली होती, बोल्ट उघडा होता. त्यांनी वाळूवरचं रक्त पाहिलं, मग माझा अंगठा पाहिला. घरी आल्यावर त्यांनी किती तरी वेळ साबणाने हात धुतले. आईची साबुदाण्याची खिचडी तयार होती, दाण्याच्या कुटाचा वास घरभर होता. ती देवापुढे बसली होती. बाबा ताटावर न बसता माझ्यासमोर उभे राहिले.

“मेधू, ससा जिवंत होता?”

“येस.”

“मराठीत सांग.”

मी खिचडीकडे बघत राहिले. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या. आई देवापुढून उठली.

“कुठे निघालात? अहो, तिचं ॲडमिशन आहे. शिक्का मिळाल्यावर काय सांगायचं ते सांगा.”

“शिक्का मिळेपर्यंत जद्दाने ससा खाल्लेला असेल,” बाबा म्हणाले. “त्यांच्यात असं आधीच मेलेलं जनावर हराम असतं, कळतंय का तुला? आयुष्यभर एक नमाज चुकवली नाही त्या बाईने.”

“तिला कुठे कळणार आहे?”

“मला कळलंय ना.”

ते गेले. मी मागोमाग धावले, रडत, त्यांना हाका मारत, मग मोठ्या घराच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी थांबले, कारण पुढे जायची हिंमत झाली नाही. खिडकीतून चुलीवरचं पातेलं दिसत होतं. वाळवलेल्या लिंबाचा तो आंबट, जुना वास तिथवर येत होता. अबू सालेह स्वतः पातेल्याजवळ उभा होता, हातात डाव. बाबांनी त्यांच्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं की माझा नेम चुकला, गोळी वर लागली, सुरी फिरली तेव्हा ससा मेलेला होता.

“पाय हलत होता,” अबू सालेह म्हणाला. “मी पाहिलं. तुझी मुलगी म्हणाली.”

“मेल्यावरही पाय हलतो कधी कधी,” बाबा म्हणाले. “तिला कळलं नाही. लहान आहे.”

त्यांच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलेलं ते एकच खोटं. अबू सालेहने डाव खाली ठेवला. मग त्याने आपल्या उजव्या हाताची बोटं अंगठ्याने एकेक करून दाबून पाहिली. त्याने जन्मभर शेकड्यांनी जनावरं कापली होती. सुरीखाली जीव आहे की नाही हे हाताला कळतं. “मला काही लागलं नाही,” तो म्हणाला, बाबांना नव्हे, कुणालाच नव्हे. “हाताला काहीच लागलं नाही.” बाबा मान खाली घालून उभे होते. थोड्या वेळाने त्याने फडकं घेऊन पातेलं उचललं आणि मागच्या दाराने कुत्र्यांच्या बाजूला गेला.

आतून जद्दाचा आवाज आला. ससा शिजला का?

“पळाला, यम्मा,” परत येताना तो मोठ्याने म्हणाला.

“मग हा वास कसला?”

“मटणाचा.”

मग ती म्हणाली, “पळाला? शाबास त्याची.”

जद्दाने मटण खाल्लं नाही. त्यानंतर तिने खजुराचं पाणी सोडलं तर काहीच घेतलं नाही, आणि दहाव्या दिवशी ती गेली. ते दहा दिवस मी बाबांशी बोलले नाही. कॅलेंडरवरच्या फुल्या मारणंही सोडलं. दुपारी पडून मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायची: एका म्हातारीला मरताना दोन घास गोड लागले असते, मला माझा शिक्का मिळाला असता, आणि देवाने, त्यांच्या किंवा आपल्या, जाब विचारलाच असता तर मी दिला असता. तुम्हाला कुणी मध्ये पडायला सांगितलं होतं? आज इतक्या वर्षांनी मला विचाराल तर मी तेव्हा चूक होते असं ठामपणे सांगवत नाही. ते चूक होते असंही सांगवत नाही. या प्रश्नाचा मला कंटाळा आला आहे, पण तो प्रश्न काही जात नाही. बाबांनी त्या गुरुवारनंतर रायफल हातात घेतली नाही. कोल्हे नळ्या चावत राहिले, आणि ते वाकून जॉइनर बसवत राहिले.

मयतीच्या तिसऱ्या दिवशी बाबा मजलिसमध्ये, पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, समाचाराला गेले. पुरुषांच्या रांगेत बसून कडू कॉफी प्यायले. निघताना अबू सालेहने त्यांना बाहेर गाडीपाशी नेलं, पुढचा खण उघडला आणि दोन पासपोर्ट काढून दिले, त्यांचा आणि माझा. गडबडीत राहून गेलं, म्हणाला. मुलीला चांगलं शिकव. एवढं बाबांनी घरी येऊन सांगितलं. आई रडली, मी उड्या मारल्या, तिकिटं काढली, पापड आणि खजुराच्या करंज्या बांधल्या. पासपोर्ट मात्र बाबांनी कुणाच्या हातात दिले नाहीत. शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले, रात्री उशाखाली. हरवतील, म्हणाले. मला ते त्यांच्या स्वभावाला धरूनच वाटलं.

दम्मामच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या रांगेत त्यांना माझा पासपोर्ट माझ्या हातात द्यावा लागला. पुढे पंचवीस-तीस माणसं होती. करायला काही नव्हतं म्हणून मी तो उघडला. शाळेत अरबी सक्तीची होती, त्यामुळे आकडे वाचता येत. शिक्क्यावर त्यांच्या महिन्याची तारीख होती, चौदा. त्यांचा महिना चंद्राचा, आपलाही चंद्राचा. आई नेहमी म्हणायची, त्यांची चौदा म्हणजे आपली पौर्णिमा. ससा मारला ती संकष्टी, पौर्णिमेनंतरचा चौथा दिवस. मी बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. ससा मारायच्या चार दिवस आधी अबू सालेह गावात जाऊन शिक्का मारून आला होता, आणि आपल्या आईच्या काळजीत तो आमच्या दाराशी येऊन बसला, चहा प्यायला, तेव्हाही पासपोर्ट गाडीच्या खणात पडून होते. त्याने त्याच्या बदल्यात काहीच मागितलं नव्हतं. मीच मरून गेलेल्या सशाचा पाय हलवला होता.

“बाबा,” मी म्हणाले, “ही तारीख…”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ पाहिलं. ते थकलेले दिसत होते आणि त्यांना सगळं माहीत होतं, पासपोर्ट हातात आला त्या दिवसापासून माहीत होतं.

“बघितली मी,” ते म्हणाले. त्यांनी माझ्या हातातली जड पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. “चल, पुढे हो. रांग सरकलीय.”